आईच्या नजरेचा लाल ठिपका

आमच्या नातेवाइकांत माझ्या कामाची ओळख करून द्यायची वेळ आली की आधी थोडी शांतता पसरते. मग आत्या म्हणते, "तो टीव्हीच्या लाइनीत आहे." चुलते म्हणतात, "कम्प्युटरचं काहीतरी." बायकोच्या माहेरी मी बरीच वर्षं 'फोटो काढतात' यात मोडत होतो. मग एका मेहुणीच्या लग्नात मी व्हिडिओसाठी मोठा पडदा लावून दिला आणि तेव्हापासून 'मंडपाचं बघतात' असा माझा बदल झाला. यातलं काहीच पूर्ण खोटं नाही, हीच पंचाईत आहे. घर चालतं ते लग्नाच्या पडद्यांवर. बाकी जे करतो त्याला मी कला म्हणतो.

माणूस बघतो म्हणजे नेमकं काय करतो, हा माझा विषय. कॅमेरे, प्रोजेक्टर आणि सेन्सर घेऊन मी त्याच्या मागं गेली पंचवीसेक वर्षं लागलोय. एकदा मी एक अंधारी खोली केली होती. तुम्ही आत गेलात की तुमची सावली जराशी उशिरा यायची. तुम्ही हात वर केलात की ती विचार करून हात वर करायची. परदेशातल्या एका शहरात त्या खोलीत एक बाई रडल्या. तीच खोली मी गारखेड्यात आमच्या गच्चीवर, काळे पडदे बांधून, घरच्यांना दाखवली. समोरच्या घरातल्या मावशी आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "लाइटीचा प्रॉब्लेम हाय का रं? वायरमनला बोलवायचं व्हतं."

जुनी भिंगं घ्यायला मी शहागंजात जातो. तिथल्या दुकानदारानं एकदा विचारलं, "भाई, इसका करते क्या तुम?" मी म्हटलं, "आर्ट." तो समजुतीनं मान हलवत म्हणाला, "अच्छा, रिपेरिंग."

हे सगळं मी चारचौघांत रंगवून सांगतो, लोक हसतात. पण गेल्या वर्षी भादव्यात जे झालं ते मी चारचौघांत सांगत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी तिथं वंदना होते आणि मग ग्रंथाचं वाचन. पांढऱ्या साड्या नेसून बायका जमतात, थोडे पेन्शनर पुरुष मागं भिंतीला टेकून बसतात. एकजण पुढं बसून वाचतं, बाकीचे ऐकतात. आमच्या विहारात ते वाचणारं माणूस म्हणजे माझी आई. मला कळतंय तेव्हापासून तीच.

आई सातवीपर्यंत शिकली. एका दवाखान्यात आया म्हणून तिनं नोकरी केली. दिवसभर लोक तिला "ए बाई" म्हणायचे आणि संध्याकाळी तीच बाई स्टुलावर पुस्तक उघडून बसली की सगळं विहार गप्प व्हायचं. तिच्या वडलांना अक्षर येत नव्हतं. एसटीची पाटी त्यांना दुसऱ्याला विचारावी लागायची आणि कुणी चेष्टेनं चुकीच्या गाडीत बसवून द्यायचं. ही गोष्ट ती सांगायची तेव्हा तिचा आवाज वेगळा व्हायचा. तिला दागिन्यांची हौस नव्हती, सिनेमाची नव्हती. वाचायला बसण्याची होती. समोरच्या मावशींना उतारवयात अक्षरं शिकवली तीही तिनंच. तेव्हापासून मावशी दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचतात. रिक्षात बसल्या की औरंगपुरा येईपर्यंत आपल्याला सगळी दुकानं कळतात.

तर गेल्या वर्षी याच मावशी मला म्हणाल्या, "तिकडं गोऱ्या लोकान्ला दाखवतूस, गल्लीत दाखवायला लाज वाटती का? पौर्णिमेला विहारात कर की काहीतरी. पण लाइट जाईल असलं नको."

मी फुगलो. खरं सांगायचं तर मी अशा बोलावण्याची कित्येक वर्षं वाट बघत होतो. आणि मला एक कल्पना सुचली. पुण्यातल्या एका संशोधक मित्राकडं एक खास चष्मा होता. तो डोळ्यांवर चढवला की त्यातला कॅमेरा तुमच्यासमोरचं दृश्य टिपतो आणि तुमची नजर नेमकी कुठं आहे तिथं एक लाल ठिपका दाखवतो. मी ठरवलं, आईनं तो चष्मा लावून वाचायचं. ती वाचत असलेलं पान भिंतीवर मोठं दिसेल आणि तिची नजर लाल ठिपका होऊन शब्दाशब्दावरून चालत जाईल. आईचं वाचणं लोकांना डोळ्यांनी दिसेल. शिवाय हिवाळ्यात एका प्रदर्शनाला नवीन काम पाठवायचं होतं, तेही होऊन जाईल. मातृभक्ती आणि करिअर एकाच वायरीवर.

आई आधी नको म्हणाली. "मला नाय जमायचं त्या मशिनीत."

"तुला काही करायचंच नाही. रोजच्यासारखं वाचायचं."

"दुसऱ्या कुणाला तरी घाल की तो चष्मा."

"दुसऱ्या कुणाचं वाचन बघायला कोण येणार, आई?"

यावर ती गप्प बसली. मला वाटलं, लाजली.

पौर्णिमेच्या आधी मी घरी चाचणी घेतली. अशा चष्म्याला आधी माणसाच्या नजरेची ओळख करून द्यावी लागते. मी तिच्यासमोर एक पांढरं कार्ड धरलं, मधे काळा ठिपका.

"आई, या ठिपक्याकडं बघ."

"बघायलेय."

"वर नको बघू. ठिपक्याकडं."

"ठिपक्याकडंच बघायलेय की रं."

संगणकावर तिची नजर कार्डाच्या वर, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या आसपास. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. वायर बदलली. मित्राला फोन करून त्याच्या यंत्राला नावं ठेवली. आई खुर्चीत ताठ बसून होती, फोटोला बसल्यासारखी.

"आई, नीट बघ ना!" मी ओरडलो. "एवढं साधं काम आहे."

"बरं," ती म्हणाली. आणि मग हळू आवाजात, "कुठंशी हाय म्हणलास?"

मी वैतागून कार्डावर बोटानं टकटक केलं. आवाज आला तसं तिनं तोंड वळवलं. "हां. दिसला."

मी ते ऐकलं. 'कुठंशी हाय' हेही ऐकलं. आयुष्यभर नजरेवर काम केलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं असेल? त्याला वाटलं, यंत्र बिघडलंय.

त्या यंत्रात एक सोय असते. ठिपका थोडा चुकीच्या जागी पडत असेल तर तो हातानं ओढून योग्य जागी ठेवता येतो. मी तो कॅलेंडरवरून ओढून कार्डावर आणून ठेवला. म्हणजे आई कुठं बघते आहे हे मला यंत्र सांगत होतं आणि तिनं कुठं बघायला पाहिजे हे मी यंत्राला सांगितलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरून गेलं. मी मूर्तीच्या बाजूच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली, प्रोजेक्टर लावला, छोटंसं भाषणही केलं. "आपण जे पाहतो ते खरंच पाहतो का?" असं मी विचारलं. मागचा एक पेन्शनर म्हणाला, "व्हय." मी पुढं गेलो.

वंदना झाली. आई स्टुलावर बसली, मी तिला चष्मा चढवला, तिनं पुस्तक उघडलं आणि चादरीवर पान उमटलं. हातभर उंचीची अक्षरं. बायकांनी "अगं बाई" केलं. आई वाचू लागली. राजपुत्र राजवाडा सोडून जातो तो प्रसंग होता आणि तो ती फार छान वाचते. आवाज कुठं खाली न्यायचा, कुठं थांबायचं, तिला माहीत आहे. माझा ठिपका मात्र चालत नव्हता. तो समासात, ओळींच्या बाहेर, एका जागी थरथरत उभा होता. मी संगणकावर वाकून त्याला ओढत होतो, तो पुन्हा समासात जात होता. मनातल्या मनात मी पुण्याच्या मित्राला शिव्या घातल्या.

आईनं पान उलटलं. भादव्यातली दमट हवा, पानं एकमेकांना चिकटलेली. एकाऐवजी दोन-तीन उलटली गेली. ती वाचतच राहिली, त्याच लयीत.

मावशी अगदी पुढं बसल्या होत्या. एवढी मोठी अक्षरं त्यांना जन्मात मिळाली नव्हती. त्या खूश होऊन भिंतीवरचं मोठ्यानं वाचायला लागल्या, एकेक अक्षर जोडत, नेहमीच्या सवयीनं. त्यांच्याजवळच्या बायका हसल्या. मग हसायच्या थांबल्या. कारण आईच्या तोंडून घोडा नगराबाहेर पडत होता आणि मावशींच्या तोंडून कुठलंतरी पुढचं प्रवचन चाललं होतं. दोन्ही आवाज थोडा वेळ बरोबर चालले.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, अगदी निष्पापपणे, "भितीवर तर दुसरंच हाय."

आई थांबली.

आईनं पानावरून बोटं फिरवली, जणू बोटांना काही कळेल. चादरीवर ती बोटं मोठ्ठी दिसत होती. मग तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. कॅमेरा चालूच होता. चादरीवर पंखा आला, छत आलं, बायकांचे चेहरे तिरपे होऊन गेले, आणि शेवटी तो कॅमेरा माझ्याकडं तोंड करून थांबला. संगणकावर वाकलेला, तोंड उघडं टाकलेला मी, साऱ्या भिंतीएवढा. मला तो बंद करायला बटण सापडेना. तेवढा वेळ अख्ख्या विहारानं मला बघितलं.

"आज एवढंच," आई म्हणाली. तिनं वंदन केलं, मावशींच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी बाहेर गेल्या. तिचा हात त्या खांद्यावर इतका सरावानं पडला की तो पहिल्यांदा पडला नव्हता हे मलाही कळलं.

बायका उठून सतरंज्या गुंडाळू लागल्या. एकीनं खिरीची वाटी आणून दिली, पौर्णिमेची होती. मी ती खाल्ली. आणि त्याहून वाईट म्हणजे, वायरी गुंडाळायच्या आधी मी रेकॉर्डिंग नीट झालंय का ते तपासलं. उत्तम झालं होतं. दोन आवाज, चुकीचं पान, तो थरथरणारा ठिपका. माझ्या डोक्यात कुणीतरी म्हणालं, 'जमलं.' मी तिथल्या तिथं त्याची दुसऱ्या डिस्कवर एक कॉपी करून ठेवली. घरी जाऊन आईला "तुला दिसत नाही का गं?" असं विचारायच्या आधी.

घरी आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. बायको स्वयंपाकघरात होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"तुम्हांला नव्हतं?" ती म्हणाली. तिला खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "शेगडीचं बटण त्या हातानं चाचपतात. तांदूळ निवडायचे केव्हाच सोडले. चहा कपाच्या बाजूला ओतला तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, आई आता मॉडर्न आर्ट करते म्हणून?"

म्हणालो होतो. सगळे हसलेही होते. आईही.

"मग मला सांगायचं नाही?"

"मला वाटलं, तुम्हांला कळलंच असेल. तुमचंच तर काम ते. आणि त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, त्याला सांगू नको, तो लगेच मशीन लावंल."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी आईला तपासलं आणि मला समजावलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. समोरचं, नेमकं जिथं बघावं तिथलं, दिसत नाही. कडेचं दिसतं. "म्हणून त्या वस्तूच्या जरा वर किंवा बाजूला बघतात," त्या म्हणाल्या. "तिथून त्यांना थोडं तरी दिसतं." मी चष्म्याचं आणि कॅलेंडरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "यंत्र बरोबर होतं तुमचं." एका डोळ्याचं आता फार काही होणार नव्हतं. दुसरा इंजेक्शनं देऊन आहे तेवढा टिकवता आला असता. आधी आणलं असतं तर, हे वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. आई त्यांना म्हणाली, "पोरगं माझं कामात असतं, बाई." मी खुर्चीच्या हाताशी खेळत बसलो.

त्याच दुपारी मावशी आल्या. रडून डोळे सुजलेले. "माझ्या जिभेला काय झालं व्हतं," असं त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं. आईनं त्यांना पाणी द्यायला लावलं.

"तूच शिकीवलं वाचायला," मावशी म्हणाल्या, "आन् मीच..."

"मग बरोबर वाचलंस ना? झालं तर."

"ते जाऊ दे. आमी समद्यांनी ठरवलंय. वर्षावासाचा महिना ऱ्हायलाय, तूच बसायचं. पुस्तक नको का बिस्तक नको. तुला समदं पाठ हाय. तू बोल, आमी ऐकतो."

मला हायसं वाटलं. तिचं स्टूल टिकलं असं वाटलं. आईला काय हवं होतं ते मला माहीत होतं, तेवढं तरी: ती जागा. मी लगेच म्हणालो, "बरोबर आहे, आई. लोकांना तुझा आवाजच पाहिजे."

आईनं मावशींच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग मला म्हणाली, "ते कालचं तुझ्या मशिनीत हाय का अजून?"

"आहे," मी म्हणालो. तोंडातून 'सॉरी' निघालं ते उगाच मागाहून.

"लाव."

मी संगणक आणला. चित्र आपोआप उघडलं, ते मी घाईनं झाकलं आणि मग कळलं की झाकायची गरज नव्हती. आवाज सुरू झाला. आई डोळे मिटून ऐकत होती, आपलाच आवाज, परक्याचा ऐकावा तसा. मावशी पदर तोंडाला लावून बसल्या. अर्ध्यात आई म्हणाली, "थांब. मागं घे."

मी मागं घेतलं.

"सूनबाई, पुस्तक आण गं. ह्या जागचं वाचून दाखव."

बायकोनं जागा शोधून वाचलं. आईनं एक अख्खा परिच्छेद गाळला होता. नंतर आणखी एका ठिकाणी दोन माणसांचं बोलणं एकाच्याच तोंडी घातलं होतं. तिच्या बोलण्यात ते इतकं सरळ जात होतं की कुणाला कळलं नसतं. किती दिवसांपासून असं चाललं होतं, कोण जाणे.

"बघ," आई मावशींना म्हणाली. "हे असं सांगत व्हते मी तुमाला. पुस्तक उघडून ठेवून. तुम्ही समजायल्या, लिवलेलं हाय."

"आमाला काय फरक पडतो त्याचा?"

"मला पडतो."

"एवढ्याशानं काय—"

"माझ्या बापाला लोकांनी चुकीच्या गाडीत बसवलं," आई म्हणाली. आवाज तोच, वेगळा. "वाचता येणाऱ्या लोकांनी. मी नाय बसवणार कुणाला." मग मावशींना, "तुमचा मुलाहिजा कळतो मला. पर नाय. आजपासून सूनबाई वाचंल."

"मी?" बायको म्हणाली. "आई, मी बातम्या दिल्यासारखं वाचते."

"दे बातम्या. खऱ्या तर असतील."

मावशी हसल्या, रडतारडताच. आई हसली नाही. तिनं चेहरा माझ्याकडं वळवला, म्हणजे माझ्या कानाच्या जरा वर. आता मला कळत होतं की ती माझ्याकडंच बघते आहे.

"आन् ते पुसून टाक."

"रेकॉर्डिंग?"

"व्हय. तुझ्या परदर्शनात मला नको नेऊ."

मी तिला प्रदर्शनाचं सांगितलंच नव्हतं. मी बटण दाबलं. यंत्रानं विचारलं, नक्की का, मी म्हटलं नक्की. "पुसलं," मी सांगितलं.

"पुसलं?"

"हो."

ती तशीच बघत राहिली, कानाच्या वर. विहारातल्या बायकांनी काल तिच्या आवाजावर जसा विश्वास ठेवला असेल तसा आता तिला माझ्या आवाजावर ठेवावा लागणार होता, दुसरा इलाज नव्हता. आणि दुसरी डिस्क माझ्या पिशवीत होती. मी तिथं किती वेळ उभा राहिलो ते सांगता येत नाही. बराच, असं मावशींच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"आई," मी म्हणालो, "अजून एक कॉपी आहे."

"मला वाटलंच," आई म्हणाली. "ल्हानपणी बी एक लाडू परत द्यायचास, एक खिशात ठेवायचास."

मी पिशवीतून डिस्क काढली, जोडली, तीही पुसली. कपाळावर घाम आला होता. पन्नाशीच्या माणसाला इतका घाम यावा असं त्यात काही नव्हतं.

"झालं. आता कुठंच नाही."

"सूनबाई," आईनं हाक मारली, "जरा इकडं ये. बघ गं खरंच गेलंय का."

बायको पुस्तक बाजूला ठेवून आली. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं पडद्यावर बघितलं, सगळे कप्पे उघडायला लावले, एकेक, अजिबात घाई न करता. मी उघडत गेलो.

"गेलंय, आई," ती म्हणाली. "रिकामं आहे."

"बरं," आई म्हणाली आणि विहारात जायला पांढरी साडी मागितली.